खोलीतल्या ब्रूडरमधली पिल्लं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी सुरू झाली की आमच्या भागात बचत गटाच्या ताया, शिक्षण सोडून घरी आलेली पोरं, सगळेच कोंबडीची शंभर-दोनशे पिल्लं आणतात आणि आठवड्यात पंधरा-वीस मेली की मग कोणतं औषध देऊ म्हणून विचारत फिरतात. म्हणून आधीच सांगतो, पहिल्या आठवड्यात जी पिल्लं जातात त्यातली बरीचशी रोगानं जात नाहीत, थंडीनं, तहानेनं, ओल्या गादीनं (म्हणजे खाली पसरलेल्या तुसानं-भुशानं) आणि एकमेकांखाली दबून जातात, आणि याचं औषध कोणत्याच मेडिकलमध्ये मिळत नाही. खालचं सगळं घरातल्या एका खोलीत बल्बवर ५० ते २०० पिल्लं वाढवणाऱ्यांसाठी आहे, मोठ्या शेडचं गणित वेगळं असते.

ब्रूडर विकतच घ्यावा लागते का?

नाही. ब्रूडर म्हणजे पिल्लांना ऊब देणारी जागा. खुडूक कोंबडी पंखाखाली घेऊन जी ऊब देते ती आपण बल्बनं द्यायची, एवढंच काम आहे. दीड फूट उंचीचा आडोसा, खाली गादी आणि वर बल्ब. आडोसा पत्र्याचा करा, पुठ्ठ्याचा करा नाहीतर बांबूच्या तट्ट्याचा करा, पण गोलच करा, चौकोनी खोका किंवा खोलीचा कोपरा वापरला की पिल्लं घाबरून कोपऱ्यात घुसतात आणि खालची गुदमरून मरतात, सकाळी पाहाल तर अंगावर जखम नाही काही नाही, नुसती चपटी झालेली दिसतात. तट्टा असेल तर बाहेरून बारदाना गुंडाळा, फटीतून वारा येतो.

सुरुवातीला १०० पिल्लांना पाच-सहा फूट व्यासाचं गोल पुरते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ते हळूहळू मोठं करत न्यायचं. दुसऱ्या आठवड्यात पिल्लामागं अर्धा स्क्वेअर फूट जागा पाहिजे आणि महिन्याचं होईपर्यंत एक. जागा कमी ठेवून पैसे वाचत नाहीत.

बल्ब कोणता आणि किती वॉटचा?

जुना पिवळा बल्ब. एलईडी आणि सीएफएल नाही चालत, त्यांचा उजेड पडतो पण पिल्लाला ऊब लागेल एवढी उष्णता त्यात नसते, आणि नवीन माणूस इथंच फसते कारण खोली तर लखलखीत दिसून राहिली असते. हिशोब सोपा आहे, उन्हाळ्यात पिल्लामागं एक वॉट, हिवाळ्यात दोन वॉट. १०० पिल्लांना हिवाळ्यात २०० वॉट लागते, पण २०० चा एकच बल्ब लावू नका, १०० चे दोन लावा, रात्री एक उडाला तर दुसरा तरी राहते. बल्ब वायरवर लोंबकळत ठेवू नका, साखळीनं नाहीतर जाड तारेनं पक्का बांधा. खाली कागद आणि तूस आहे, बल्ब पडला की आग लागायला वेळ लागत नाही.

टेम्परेचर किती ठेवायचं?

पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९५ फॅरेनहाइट. पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं, २१ ते २४ च्या आसपास आलं आणि अंगावर पिसं आली की बल्बची गरज संपली. कमी करायचं म्हणजे बल्ब वर उचलायचा किंवा कमी वॉटचा लावायचा. थर्मामीटर भिंतीला अडकवून काही उपयोग नाही, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे गादीपासून दोन इंच वर मोजा. आणि पिल्लं यायच्या आधी हिवाळ्यात एक पूर्ण दिवस बल्ब चालू ठेवा, कारण हवा लवकर तापते पण खालची फरशी आणि तूस थंडच राहते आणि पिल्लाचं पोट त्यालाच टेकलेलं असते.

माझ्याकडं थर्मामीटर नाही, मग कसं समजन?

थर्मामीटर असला तरी पिल्लांकडंच पाहा, तेच खरं सांगतात. सगळी पिल्लं बल्बच्या बरोबर खाली एकावर एक चढून दाटी करून चिवचिव ओरडत असतील तर थंडी वाजून राहिली आहे. बल्बपासून दूर आडोशाला चिकटून चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील, पंख अंगापासून सोडले असतील तर गरम होऊन राहिलं आहे. सगळी एकाच बाजूला गोळा झाली असतील तर समोरच्या बाजूनं वारा येत आहे, दाराची फट शोधा. आणि सगळीकडं सारखी पसरलेली, काही खात आहेत, काही पाय लांब करून पडलेली, आवाज हळू, तर सगळं ठीक आहे, हात लावू नका.

अजून एक बघायचं. दोन-चार पिल्लं हातात घेऊन त्यांचे पाय आपल्या गालाला लावा. पाय कोमट लागले तर बरं, थंडगार लागले तर ते पिल्लू खाणार नाही, पाणी पिणार नाही, नुसतं उभं राहून डोळे मिटते, आणि तुम्ही समजता की आजारी आहे. हे पाहायची खरी वेळ पहाटे चार-साडेचारची, दुपारी पाहून काही समजत नाही. डिसेंबर-जानेवारीत नागपूर-गोंदियाकडं पहाटे पारा ८-१० वर येते, कधी त्याच्याही खाली जाते, तेव्हा संध्याकाळी बरोबर असलेला ब्रूडर पहाटे थंड पडलेला असते.

लाईन गेली तर?

लाईन जाणारच आहे हे धरूनच चाला. पहिलं, पिल्लांना अंधाराची सवय लावा. पहिले दोन-तीन दिवस रात्रभर उजेड ठेवायचा, नंतर रोज तासभर मुद्दाम बल्ब बंद करायचा (हिवाळ्यात हा तास दुपारचा निवडा आणि खिडक्या झाका), नाहीतर एकदम अंधार झाला की घाबरून ढीग करतात आणि त्या ढिगातच दहा-वीस जातात.

दुसरं, ऊब धरून ठेवा. लाईन गेल्याबरोबर आडोशावर बारदाना नाहीतर जुनं लुगडं टाका, थोडी हवा जाईल एवढी फट ठेवून. प्लॅस्टिकच्या बाटल्यांत गरम पाणी भरा, फडक्यात गुंडाळा आणि गोलात चार ठिकाणी ठेवा, पिल्लं आपोआप त्याला लागून बसतात, थंड झालं की बदला. चुलीजवळ तापवलेल्या विटा पोत्यात गुंडाळून ठेवल्या तरी बराच वेळ ऊब देतात, फक्त पोतं करपत नाही ना ते पाहा. बाटल्या आणि विटा आधीच काढून ठेवलेल्या पाहिजेत, रात्री दोन वाजता अंधारात शोधत बसाल तर उशीर झालेला असते.

व्होल्टेजचंही ध्यानात ठेवा. रब्बीत शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की बल्ब मिणमिणते, १०० चा बल्ब ६० सारखा चालते, म्हणजे ऊब कमी. तेव्हा बल्ब खाली घ्या, आणि व्होल्टेज वाढलं की परत वर.

कोळशाची शेगडी ठेवली तर चालते का? आमच्याकडं सगळेच ठेवतात.

बंद खोलीत नाही. हे मी विनंती करून सांगतो. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघते, त्याला वास नसते, रंग नसते, पिल्लं तर मरतातच पण त्याच खोलीत पिल्लं राखायला झोपलेला माणूसही उठत नाही. गोवऱ्यांचा धूरसुद्धा पिल्लांच्या फुफ्फुसाला वाईट. फारच अडचण असेल तर निखारे बाहेरच पेटवून धूर संपल्यावर आणा, हा गॅस तरीही निघतेच, म्हणून वरची खिडकी उघडी ठेवा आणि त्या खोलीत कोणीही झोपू नका. पण गरम पाण्याच्या बाटल्या हाच चांगला उपाय आहे.

पिल्लं आणली, आता पहिल्या दिवशी काय करू?

आधी पाणी, मग खाणं. पिल्लाच्या पोटात अंड्यातला बलक उरलेला असते, त्याच्यावर ते दोन-तीन दिवस निघू शकते, म्हणूनच तर डब्यातून इतक्या लांब येते, पण प्रवासात पाणी कमी होते. एसटीनं किंवा टेम्पोनं नागपूरवरून गडचिरोलीला येईपर्यंत अंग सुकलेलं असते. म्हणून आल्याबरोबर गूळपाणी, एका लिटरला चार-पाच चमचे गूळ, नाहीतर इलेक्ट्रोलाइट पावडर. पाणी हिवाळ्यात कोमट करा. डब्यातून काढताना एकेका पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवा, एक प्यायला शिकलं की बाकीची पाहून शिकतात. गूळपाणी पहिले काही तासच, दिवसभर ठेवलं तर पातळ हगतात आणि भांडंही आंबते. मग दोन-तीन तासांनी कागदावर मक्याचा बारीक भरडा पसरा, आणि दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य.

पिल्लांचं पाण्याचं भांडं नसेल आणि ताटलीत पाणी ठेवत असाल तर त्यात धुतलेले गोटे टाका. पिल्लू दोन बोटं पाण्यातही बुडून मरते, आणि नाही मेलं तरी ओलं झालं की थंडीनं जाते. ५० पिल्लांमागं एक पाण्याचं आणि एक खाण्याचं भांडं धरा, पाणी बल्बच्या बरोबर खाली नको.

रात्री एक तपासणी करा, हीच सगळ्यात कामाची आहे. दहा-पंधरा पिल्लं वेगवेगळ्या जागेवरून उचला आणि मानेच्या खाली छातीवर जी खाण्याची पिशवी असते ती बोटानं हळूच दाबून पाहा. मऊ, भरलेली लागली म्हणजे खाल्लं आणि पाणीही प्यालं. कडक गोळा लागला तर खाल्लं पण पाणी मिळालं नाही. नुसतं पाणी भरल्यासारखं लागलं तर खाणं सापडलं नाही. रिकामी असेल तर त्या पिल्लाला बहुतेक थंडी वाजत आहे, बल्ब पाहा.

घरची कणी, ज्वारी घातली तर नाही चालत का?

पहिल्या महिन्यात नुसत्या कणीवर पिल्लू जगेल पण वाढणार नाही. त्याला २० ते २२ टक्के प्रोटीन पाहिजे, तांदळाच्या कणीत आणि ज्वारीत त्याच्या अर्ध्याहून कमी असते. अंड्यावरच्या कोंबडीचं लेअर खाद्य तर पिल्लांना देऊच नका, त्यात अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम जास्त असते, त्यानं पिल्लांच्या किडन्या खराब होतात. १०० गावरान किंवा वनराजा, गिरिराज सारख्या सुधारित जातीच्या पिल्लांना पहिल्या महिन्यात ५० किलोचं एक पोतं आणि वर थोडं लागते, तेवढा खर्च आधीच धरून पिल्लं घ्या, पैसे कमी असतील तर पिल्लं कमी घ्या.

आणि पोतं ओलसर भिंतीला टेकवू नका, फळीवर ठेवा. पावसाळ्यात मक्याला आणि शेंगदाण्याच्या ढेपेला बुरशी लागते, तिचं विष लिव्हरवर जाते. बुरशीचा वास आला तर वाळवून पण देऊ नका, फेका.

गादी कशाची करू? कुटार (मळणीनंतरचा भुसा) चालते का?

राईस मिलमधलं धानाचं तूस सगळ्यात चांगलं, भंडारा-गोंदिया-चंद्रपूरवाल्यांना ते सहज मिळते. दोन-तीन इंच जाड पसरा. यवतमाळ-अमरावतीकडं तूस महाग पडते म्हणून लोकं सोयाबीनचं नाहीतर तुरीचं कुटार टाकतात, ते चालते पण कडक वाळलेलं आणि चाळून धूळ काढलेलं पाहिजे. पावसात भिजून परत वाळलेलं कुटार अजिबात नको, त्यातली बुरशी पिल्लाच्या फुफ्फुसात जाते, मग ते मान वर करून तोंड उघडून श्वास घेते, खरखर आवाज फारसा येत नाही, आणि त्याच्यावर इलाज नाही. लाकडाचा बारीक भुसाही टाळा, दाणा समजून खातात.

पहिले तीन दिवस तुसावर कागद टाका म्हणजे तूस खाणार नाहीत. चार-पाच थर टाकून ठेवा आणि रोज वरचा एक काढा. गुळगुळीत चकचकीत कागद नको, त्यावर पाय घसरतात आणि पाय फाकलेली पिल्लं तयार होतात. असं एखादं दिसलं तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच दोन्ही पायांना मधे बोटभर अंतर सोडून मऊ पट्टीनं बांधा, बरेचदा सुधारते.

गादी रोज हातानं खालीवर करा. मूठभर घेऊन दाबा, लाडू वळला तर ओली आहे, सुटून पडली तर ठीक. पाण्याच्या भांड्याखालची ओली गादी रोज काढायचीच. आणि खोलीत उभ्यानं वास घेऊ नका, खाली बसा, पिल्लांच्या उंचीला नाक न्या, डोळे चुरचुरले तर पिल्लं चोवीस तास त्याच वासात आहेत.

पिल्लाचं बूड चिकटून बंद झालं, काय करू?

प्रवासाचा ताण किंवा थंडी-गरमी कमीजास्त झाली की पहिल्या आठवड्यात हे होते. हगवण मागं वाळून दगडासारखी होते, पिल्लाला हगता येत नाही आणि दोन दिवसांत मरते. ओढून काढू नका, कातडी निघते. कोमट पाण्यात कापूस भिजवून त्यावर मिनिट-दोन मिनिट धरून ठेवा, मऊ झालं की पुसून घ्या, मग कोरडं करून थेंबभर खोबरेल लावा आणि पूर्ण वाळल्यावरच परत सोडा. एक सांभाळा, पोटाच्या बाजूला एक बारीक काळी खपली दिसते ती बेंबी आहे, तिला हात लावायचा नाही.

बेंबी लाल, ओली असेल, पोट फुगलेलं आणि वास मारत असेल तर तो बेंबीचा संसर्ग आहे, तो बहुतेक हॅचरीतूनच (अंडी उबवतात तिथूनच) येते. म्हणून घेतानाच पाहून घ्या, बेंबी बंद आणि कोरडी, डोळे टवटवीत, उलटं टाकलं की लगेच उठून उभं राहणारं पिल्लू घ्या. नागपूरच्या सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून घ्या की खाजगीतून, पण आठवडी बाजारातून घेऊ नका, तिथं पाच गावांची पिल्लं एका डालात असतात.

पांढरी हगवण आणि रक्ताची हगवण, दोन्हीला एकच औषध चालते का?

नाही. पहिल्या दोन आठवड्यांत पांढरी, चिकट हगवण आणि रोज पाच-दहा मरत असतील तर ते साल्मोनेला जंतूचं असू शकते, ते कोंबडीपासून अंड्यातून पिल्लात येते, त्यासाठी मेलेलं ताजं पिल्लू घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, तिथं चिरून पाहतात.

रक्ताची हगवण म्हणजे कॉक्सी (कॉक्सिडिओसिस, आतड्यातल्या बारीक परजीवीचा रोग). ती साधारण तिसऱ्या आठवड्यापासून पुढं येते आणि ओल्या गादीत पसरते, पावसाळ्यात तर खूप. पिल्लू पंख पाडून, पिसं फुलवून पेंगते. डॉक्टर बहुतेक अ‍ॅम्प्रोलियम देतात पाण्यातून, ते चालू असताना व्हिटॅमिन बी वनचं टॉनिक देऊ नका, औषधाचा जोर कमी होते, हे दुकानदार सांगत नाही, उलट दोन्ही बाटल्या सोबतच देते. आणि गादी बदलली नाही तर औषध संपलं की परत येईल.

आल्याबरोबर अँटिबायोटिक देऊन टाकलं तर बरं नाही का?

मला हे पटत नाही. थंडीनं मरणाऱ्या पिल्लाला गोळीनं ऊब येत नाही, पैसे जातात, आणि पुढं खरंच रोग आला की तेच औषध लागू पडत नाही. हळद-लसणाचं पाणी द्यायचं असेल तर द्या, नुकसान नाही, पण ते लसीच्या जागी धरू नका.

लस कोणती, कधी?

मरेक्सची (पाय-पंख लुळे पाडणाऱ्या रोगाची) लस पहिल्या दिवशी हॅचरीतच टोचतात, टोचली का ते विचारून घ्या. ५ ते ७ व्या दिवशी लासोटा, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, ही मानमोडीची (राणीखेतची) लस आहे. १४ व्या दिवसाच्या आसपास गंबोरोची, हा पिल्लाची रोगाशी लढायची ताकद कमी करणारा रोग आहे. चौथ्या आठवड्यात लासोटाचा परत डोस. सहा-सात आठवड्यांला देवीची, आठव्या आठवड्यात आर टू बी, ही मानमोडीचीच पुढची लस. तुमच्या भागात कोणता रोग चालू आहे त्याप्रमाणं डॉक्टर मागंपुढं करतात.

लस फेल जाते ती बहुतेक वाटेत. तिला २ ते ८ अंश पाहिजे, आणि लोकं खिशात टाकून मोटारसायकलवर तीस किलोमीटर उन्हात आणतात. थर्मासमध्ये बर्फ घालून आणा, सकाळी लवकर नाहीतर रात्री द्या, बाटली मिसळली की दोन तासांच्या आत संपवा, उरलेली उद्यासाठी ठेवायची नाही. थेंब डोळ्यात टाकला की पिल्लू डोळा मिटेपर्यंत हातातच धरा, लगेच सोडलं तर झटकून टाकते. एक बाटली १००-२०० डोसची असते, म्हणून तीन-चार घरांनी पिल्लं एकाच दिवशी आणली आणि लसही सोबत दिली तर खर्च वाटून जाते. पाण्यातून देत असाल तर त्या पाण्यात ब्लिचिंग पावडर नको, आदल्या दिवसापासूनच बंद करा. आजारी पिल्लांना लस देऊ नका.

मे महिन्यात पिल्लं आणू का?

जमत असेल तर टाळा. आणलीच तर दिवसा बल्ब नको, ४५ च्या उन्हात टिनाखालची खोली बल्बशिवायच भट्टी असते. टिनावर पऱ्हाटी, तुऱ्हाट्या किंवा तणीस टाका, वरून चुना मारा, खिडकीला ओला बारदाना लावा. कूलर लावला तर हवा भिंतीवर सोडा, सरळ पिल्लांवर नाही. पाणी माठातलं, दिवसातून तीन-चारदा बदलून. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लांना मात्र पहाटे लहान बल्ब लागू शकते, परत तेच, त्यांच्याकडं पाहून ठरवा.

एकमेकांना टोचून रक्त काढतात.

दाटी, फार उजेड किंवा खाणं कमी. जखमी पिल्लू लगेच वेगळं करा, रक्त दिसलं की बाकीची त्याच्यावरच तुटून पडतात. जागा वाढवा, हिरवी पानकोबी किंवा मेथीची जुडी टांगून ठेवा, त्यात गुंततात.

उंदीर, मुंगूस, लाल मुंग्या?

आडोशावर अर्ध्या इंचाची जाळी झाका, मोठ्या छिद्रातून घूस पाय ओढते. बिळं काच आणि सिमेंटनं बुजवा. मुंग्यांसाठी गोलाच्या बाहेरून चुन्याची रेघ. विषाची पावडर ब्रूडरच्या खोलीत नको.

रोज एखादं मरते, कधी घाबरायचं?

पहिल्या आठवड्यात शंभरात दोन-तीन गेली तर त्यात काही विशेष नाही. पण आज एक, उद्या तीन, परवा सात असं वाढत गेलं, किंवा मान वाकडी होणं, हिरवी हगवण, डोकं सुजून निळं पडणं दिसलं तर थांबू नका, १९६२ वर फोन करा, तो जनावरांच्या दवाखान्याचा टोल फ्री नंबर आहे. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा २००६ ला आपल्याच राज्यात नवापूरला सापडला होता, त्यामुळं एकदम मर आली तर लपवून विकणं हा गावाशी केलेला अन्याय आहे. मेलेलं पिल्लू उकिरड्यावर किंवा नाल्यात टाकू नका, कुत्रं दुसऱ्याच्या अंगणात नेते. दोन-तीन फूट खड्डा, खाली-वर चुना. हात धुवा, आणि आजारी पिल्लांचं काम नेहमी शेवटी करा, आधी चांगल्यांना खाणं-पाणी.

बाहेर कधी सोडायचं?

उन्हाळ्यात चार-पाच आठवडे, हिवाळ्यात पाच-सहा, आणि पाठीवर, पंखाखाली पूर्ण पिसं आल्यावर. पहिले काही दिवस ऊन आल्यावर दोन-तीन तास, वर जाळी लावून, कारण घार पहिल्याच दिवशी येते. मोठ्या कोंबड्यांत लगेच मिसळू नका, त्यांच्या अंगातले रोग त्यांना काही करत नाहीत पण पिल्लांना लागतात. आणि पुढची पिल्लं आणायच्या आधी जुनी गादी सगळी काढून शेतातल्या खताच्या खड्ड्यात टाका, खोली धुवून चुना मारा आणि दोन आठवडे रिकामी ठेवा.